हिरूबायची एकवीस पुस्तकं

हिरूबाय पुस्तक हातात घेतलं की आधी नाकाशी न्यायची. मग अंगठ्यानं पुठ्ठा जरासा उचलून आत डोकवायची. पापलेटचा कल्ला उचलून आतली लाली बघायची तिची जी रीत, तीच पुस्तकालाही. वाचून झालं की निकाल एका शब्दात. "ताजी", "बर्फाची" किंवा "सुकी". ताजी म्हणजे उत्तम. बर्फाची म्हणजे बरी, पण गिऱ्हाइकाला खरं सांगून द्यायची. आणि सुकी म्हणजे दुसरं काही हाताशी नसलं तरच. मी पुढं आयुष्यात पुष्कळ परीक्षणं वाचली, पण गोष्टीबद्दल याहून कामाचं काही कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि गंमत अशी, की हिरूबायला अक्षर म्हणून एक येत नव्हतं.

ती दांडीची, तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातली. मासे विकणाऱ्या बायकांमध्ये उंचीनं आणि आवाजानं सगळ्यांच्या वर. साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललेलं, आणि माझे यजमान तिथं स्टोअरकीपर म्हणून लागलेले. आम्ही कराडकडची माणसं. बोईसरला भाताच्या गिरणीमागं पाच खोल्यांची एक ओळ होती, तिथं बिऱ्हाड केलं. ओळीत कुणी सोलापूरचं, कुणी नगरचं, शेवटच्या खोलीत रामसुमेर नावाचा वेल्डर. समुद्र मी लग्नाआधी पाहिलेला नव्हता आणि मासा म्हणजे सुक्या बोंबलापलीकडं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी हिरूबायच्या टोपलीतल्या माशाचं पोट दाबायला गेले, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "पोट नाय दाबायचं, वयनी! सासूबायनं शिकवलं नाय? गाल उघड, डोळा बग. मासा मेला तरी डोळ्यानं खरं बोलतो."

दुपारी टोपली रिकामी झाली की ती माझ्या पायरीवर टेकायची, पाणी मागायची, आणि चहा मागायची नाही. तो मी द्यायचाच असतो असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी तेव्हा हाताशी येईल ते वाचत असे. ते ती कौतुकानं आणि थोड्या कीवेनं बघायची. एके दिवशी म्हणाली, "ही बिनचित्रांची तू वाचतेस, डोकं नाय दुखत? आमच्याकडं हायत ती बग एकदा." दुसऱ्या दिवशी टोपलीच्या तळाशी मेणकापडात गुंडाळून तिनं एक पुस्तक आणलं. जाडजूड, रंगीत पुठ्ठा, आणि आत पानोपानी चित्रं. माणसं चौकोनांतून पळताहेत, भांडताहेत, रडताहेत. तोंडातून फुगे निघालेले आणि फुग्यांत उभी, मुंग्यांसारखी अक्षरं. जपानी.

तिचा नवरा पांडू मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्ष-दीड वर्षानं घरी यायचा. शेवटच्या खेपेला त्यानं एक पत्र्याची पेटी आणली आणि त्यात अशी एकवीस पुस्तकं. जपानच्या कुठल्याशा बंदरात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ढिगानं उचललेली. "तुला अक्षर येत नाय," तो म्हणाला होता, "म्हणून चित्रांची आणली. बसून बग." एरवी खलाशी बायकोला लुगडं आणतो, अत्तराची बाटली आणतो. पांडूनं वाचायला आणलं. हे सांगताना हिरूबायचा आवाज खाली यायचा, आणि तिचा आवाज खाली आलेला मी त्याखेरीज फार थोड्या वेळा ऐकला.

ते पहिलं पुस्तक तिनं माझ्यापुढं धरलं ते रंगीत पुठ्ठा वर करून. मी मॅट्रिक. ओळीत तेवढी शिकलेली बाई मी एकटीच, आणि तो तोरा मी काही लपवत नसे. मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, पालथं केलं आणि म्हणाले, "असं धरायचं, हिरूबाय. पुस्तक डावीकडून उघडतं. पुठ्ठ्यावरचं चित्र यांनी चुकून मागं छापलंय." ती एकदा माझ्याकडं आणि एकदा पुस्तकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलीस, तुला ठाऊक." हे वाक्य मला आजही टोचतं.

तर अशी आम्ही दोघींनी ती पुस्तकं वाचायला घेतली, आठवड्याला एखादं. फुगे सोडून द्यायचे, चित्रांवरून गोष्ट लावायची. एखाद्या पानावर काही जुळेनासं झालं की मी जपानी लोकांवर खापर फोडायची आणि हिरूबाय ते दुरुस्त करून घ्यायची. तलवारीवाल्याची गोष्ट तिला सर्वांत आवडली. त्यात पहिल्याच पानावर एक धिप्पाड गडी रक्तात पडलेला. मग तो उठतो, लढतो, शत्रूंबरोबर बसून जेवतो, आईच्या पाया पडतो, आणि शेवटी आईच्या मांडीवर तान्हा होऊन झोपतो. "ही ताजी!" हिरूबायनं मांडीवर थाप मारली. "मेला पण हटला नाय. उठला, दुश्मनाला दोस्त केला, घरी आला. आमच्या गावात दोन भाऊ बांधावरनं बोलत नायत, त्यांना ही दाखवली पायजे."

पोलिसाच्या गोष्टीवर मात्र ती भडकली. त्यात पोलीस सुरुवातीलाच चोराच्या मुसक्या बांधतो आणि मग दोनशे पानं भिंग घेऊन जमीन हुंगत फिरतो. शेवटी ज्याचा खून झाला तो मजेत चहा पितोय. "चोर धरलास ना? मग आता काय शोधतोस, तुझी टोपी?" असं ती त्या चित्रातल्या पोलिसालाच विचारायची, आणि आम्ही दोघी हसून हसून आडव्या व्हायचो. निकाल: सुकी. भुताची गोष्ट बर्फाची ठरली, कारण भुताची बाई होते आणि बाईचं लग्न होतं, "इतपत ठीक हाय, पण लग्नात जेवणावळ दाखवली नाय." एका गोष्टीत मोठमोठ्या डोळ्यांची एक मुलगी होती. तिचे डोळे अर्धं तोंड व्यापून उरायचे. ती सुरुवातीला रडते आणि शेवटी शाळेत जाते. हिरूबाय म्हणाली, "एवढे डोळे असून पोरगी समोरचा खड्डा बगत नाय. पण माझी हाय ती. ताजी."

या गोष्टी ती ओळीतल्या खोल्याखोल्यांतून सांगायची. मासे निवडून देता देता, खवले उडवता उडवता. लोक मासे घ्यायला यायचे आणि गोष्ट संपेपर्यंत हलायचे नाहीत. रामसुमेर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम थांबायचा. "मौसी, आज तलवारवाला सुनाओ," अशी त्याची फर्माईश ठरलेली.

एकवीसमधलं एक पुस्तक तिनं कुणाला सांगितलं नाही. बोटीचं. ते फक्त आम्ही दोघींनी वाचलं. सुरुवातीला पांढऱ्या केसांची एक बाई किनाऱ्यावर एकटी बसलेली, मांडीवर रिकामे हात. पान उलटावं तसतसे तिचे केस काळे होत जातात. समुद्रात फळ्या तरंगताहेत. वादळ येतं आणि त्या फळ्यांची धड बोट होते. बोटीवर एक माणूस हात हलवतोय. तो किनाऱ्यावर उतरतो, बाई धावत जाते, आणि शेवटच्या पानावर दोघं घरात बसलेली, मधे एक तान्हं मूल, भाताच्या वाडग्यात मूठ घालून बसलेलं. हिरूबायनं ते मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "येतो म्हंजे." निकाल दिला नाही.

कारण पांडूची पत्रं थांबली होती. दर तीन-चार महिन्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र यायचं, ते बंद पडून सहा महिने झाले, मग आठ, मग वर्ष. तिचा दीर म्हणायचा, पांडूनं तिकडं दुसरं घर केलं. शेजारणी म्हणायच्या, समुद्रानं नेला. मूलबाळ नव्हतं, पांडू होता तेवढाच तिचा. मी दोनदा तिला म्हटलं, "कंपनीला पत्र घालू या का? मी लिहिते." दोन्ही वेळा तिनं मान हलवली. "कशाला? बोटीच्या पुस्तकात येतो ना. त्यानंच आणून दिलंय ते. आता बाईमाणसानं थोडी दमानं घ्यायला नको?" तिच्या बोलण्यात इतकी खात्री असायची, की मलाही ते पुस्तक म्हणजे पांडूचं पत्रच वाटू लागलं होतं.

मग पावसाळा आला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि हिरूबायच्या टोपलीत सुकट, बोंबील आले. दमट हवेनं पुस्तकांची पानं सुटायला लागली, म्हणून तिनं पेटी माझ्याकडं आणून ठेवली. मी गव्हाच्या पिठाची खळ करून पानं चिकटवायला बसले. पोलिसाच्या पुस्तकातली पाच-सहा पानं पार मोकळी झाली होती आणि त्यांचा क्रम मला लागेना. तेव्हा प्रथमच मी पानाचा कोपरा नीट पाहिला. चित्रं पार कडेपर्यंत असल्यानं आकडे फार थोड्या पानांवर होते, तेही बारीक. पण होते, आपले साधे इंग्रजी आकडे. आमच्या शेवटच्या पानावर चार. त्याच्या आधीच्या एका पानावर नऊ. आमच्या पहिल्या पानाशी दोनशे दोन. मी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. एकवीसच्या एकवीस आम्ही शेपटाकडून वाचली होती.

पोलीस शहाणा होता. तलवारवाला आईच्या मांडीवरून उठून गेला होता आणि मेला होता. आणि बोटीच्या गोष्टीत तो माणूस हात हलवत निघून गेला होता. ती बाई म्हातारी होईपर्यंत किनाऱ्यावर बसून होती. माझ्या हातातली खळ सुकून गेली तरी मी तशीच बसून होते. आज माझा नातू असलीच पुस्तकं वाचतो. त्यांना मांगा म्हणतात हेही त्यानंच सांगितलं. "आजी, ही उजवीकडून वाचतात," असं तो मला शिकवायला आला, तेव्हा मी म्हटलं, "ठाऊक आहे रे बाबा, फार महागात शिकलेय."

तीन आठवडे मी तिला काही सांगितलं नाही. ती यायची, पायरीवर बसायची, बोटीच्या पुस्तकावरून हात फिरवायची, आणि मी चहाला आधण ठेवायच्या निमित्तानं आत पळायची. शिकलेल्या माणसाला आपली चूक कबूल करायला किती जड जातं, ते मला त्या तीन आठवड्यांत कळलं. चौथ्या आठवड्यात तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि माझे डोळे बघितले. "वयनी, आठ दिवस बर्फात ठेवलेल्या माशाचा असतो तसला डोळा झालाय तुझा. काय दडवतेस?"

मी आकडे दाखवले. आकडे तिला कळत. बाजारात बसणारी बाई ती. आकडे लहानाचे मोठे होतात त्या बाजूनं, रंगीत पुठ्ठ्याकडून, तिनं बोटीचं पुस्तक उघडलं आणि एकेक पान उलटत गेली. मी म्हणाले, "माझी चूक, हिरूबाय. तू पहिल्या दिवशी बरोबर धरलं होतंस." ती पानं उलटतच राहिली. शेवटच्या पानावर, त्या पांढऱ्या केसांच्या बाईपाशी, फार वेळ थांबली. मग पुस्तकं पेटीत भरली, पेटी डोक्यावर घेतली आणि चहा न पिता गेली.

आठ दिवस ती आली नाही. नवव्या दिवशी आली ती थेट पहिल्या खोलीत शिरली. सोलापूरच्या वहिनींना म्हणाली, "तलवारीवाल्याची गोष्ट मी तुला दिली ती शिळी होती. बदलून घे." आणि उभ्या उभ्या सगळी गोष्ट सुलट सांगितली. मग दुसरी खोली, मग तिसरी. मी म्हटलं, "अगं, गोष्टच ती. लोक विसरून पण गेले असतील." तर म्हणाली, "शिळा माल ताजा म्हणून दिला मी. कळल्यावर बदलून नको द्यायला? उद्या मासे कोण घेईल माज्याकडनं?" लोकांना अर्थातच बदललेला माल पसंत नव्हता. रामसुमेर तर कळवळला. "अरे मौसी, पहलेवाला ही अच्छा था! इसमें तो बेचारा मर गया!" हिरूबायनं त्याला झापलं, "मर गया तो मर गया. मी काय करू? खरा माल हाच हाय."

निकालही तिनं सगळे नव्यानं दिले. पोलीस सुकीतून थेट ताजीत आला: "माफ कर रे बाबा, तू हुशार होतास, आमीच येडी." भुताची बर्फाचीच राहिली. मोठ्या डोळ्यांची मुलगी शेवटी रडत उभी राहते हे तिला मान्य होईना, पण मन घट्ट करून म्हणाली, "रडू येतं. पण ताजी हाय. रडू आलं म्हणून मासा शिळा नाय होत."

आणि सगळं झाल्यावर माझ्या पायरीवर बसून बोटीच्या पुस्तकाकडं वळली. मी मनात म्हटलं, आता हिचा धीर सुटणार. पण ती म्हणाली, "वयनी, ती बाई बगितलीस? केस पांढरे झाले तरी बसूनच. हात रिकामे. एकदा उठून कुणाला विचारलं नाय, माझा माणूस कुठं म्हणून. मी पण तशीच बसले, वरीसभर. मला वाटलं गोष्टीत येतो, तर येतो." मग पदर खोचून उभी राहिली. "मी नाय बसणार. बोटीच्या कचेरीत मला घेऊन चल. मुंबईला."

मी पुन्हा माझ्या चुकीचं काढलं, तेव्हा तिनं मला तिथंच थांबवलं. "तू तराजू उलटा दिलास, खरं. पण काटा मी पण नाय बगितला. झालं ते झालं. कधी निघायचं ते सांग."

त्या आठवड्यात आम्ही गेलो. कचेरीत जायला तिनं नवं लुगडं नेसलेलं, हातात हिरवा चुडा. कारकुनानं विचारलं, "आपण कोण?" ती म्हणाली, "बायको. पांडूची." त्यानं एक फाईल काढली, ती वाचताना त्याचा चेहरा पडला आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. परदेशातल्या एका बंदराच्या दवाखान्यात पांडू तापानं गेला होता. चौदा महिन्यांपूर्वी. कळवलं होतं, पण पत्र गुजरातेतल्या दांडीला फिरून परत आलं होतं. ते परत आलेलं पाकीट त्यानं आमच्यापुढं ठेवलं. हिरूबायनं विचारलं, "किती महिने म्हणालास?" तो म्हणाला, "चौदा, बाई." तिनं बोटांवर मोजलं. बाहेर फुटपाथवर आल्यावर म्हणाली, "तवा आपण पोलिसाची वाचत होतो. मी हसत होते, वयनी." मी तिथंच रडायला लागले. लोक बघत होते, आणि तीच मला धरून उभी होती.

चुडा तिनं गावी जाऊन, पाण्यात गुडघाभर उभी राहून, स्वतःच्या हातानं उतरवला. दिराला पुढं येऊ दिलं नाही. हे मला नंतर दुसऱ्या मासेवालीकडून कळलं. सव्वा महिना ती फिरकली नाही. मला रोज वाटायचं, आता येते की नाही. मी पायरी झाडून ठेवायची आणि दुपारी चहाचं पाणी दोन कपांचं ठेवायची.

नारळीपौर्णिमा होऊन गेली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि एका दुपारी तिची हाक ऐकू आली, "पापलेट गो, वयनी!" हात रिकामे होते. आवाज तोच, सगळ्या ओळीला पुरणारा. मासे विकले, पाणी प्याली, पायरीवर टेकली आणि टोपलीच्या तळातून मेणकापड काढलं. बोटीचं पुस्तक.

"वाचू या," ती म्हणाली.

मी रंगीत पुठ्ठा वर करून पुस्तक तिच्यापुढं धरलं. आता चुकायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि पहिल्या दिवशी मी उघडलं होतं तसं, डावीकडून उघडलं.

"हिरूबाय," मी म्हणाले, "ही बाजू..."

"ठाऊक हाय मला कुठली बाजू," ती म्हणाली. "सरळ वाचून झाली माजी. आता आज मला हिकडनं वाचायचीय."

आम्ही वाचली. पांढऱ्या केसांच्या बाईचे केस काळे झाले. फळ्यांची बोट झाली. तो हात हलवत आला, ती धावली. सावकाश, एकेक पान, ती बोटानं दाखवत होती आणि गोष्ट सांगत होती, मलाच, जशी मी ती कधी ऐकलीच नव्हती. शेवटच्या पानावर ती दोघं घरात बसली होती आणि मूल भाताच्या वाडग्यात मूठ घालून बसलं होतं. हिरूबायनं त्या माणसाच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, पुस्तक मिटलं, नेहमीसारखं नाकाशी नेलं. या एका पुस्तकाचा निकाल तिनं आजवर दिला नव्हता.

"ताजी," ती म्हणाली. मग मेणकापडात पुस्तक गुंडाळलं, टोपली डोक्यावर घेतली आणि दांडीच्या वाटेला लागली.